मधला आवाज

आमच्या घरचं गाणं बावीस कडव्यांचं.
आदमपासून सुरुवात. मग साप, मग पूर,
मग एकामागून एक दाढीवाले संदेष्टे,
आणि बाळ जन्माला येतं ते थेट चौदाव्या कडव्यात.
तोवर मी आईच्या कोटाला टेकून,
ओल्या लोकरीच्या वासात, गाढ झोपलेली असायची.
कितीतरी वर्षं मला ठाऊकच नव्हतं
की हे नाताळचं गाणं आहे.

वेल्सच्या त्या खोऱ्यात पहाटे चारला चर्च भरायचं.
रात्रभर टॉफी ओढून ओढून हात चिकट,
बुटांना मेंढवाड्यातला चिखल.
कुणी कुणाचं नाव पुकारत नसे.
पाद्री मेणबत्ती पुढे सरकवून खाली बसे,
मग बाकं कुरकुरत, कुणीतरी खाकरे, उठे.
नियम एवढाच: एकदा झालेलं गाणं
त्या पहाटे पुन्हा कुणी गायचं नाही.
म्हणून ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या घरात.
आमचं तर पिठाच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळलेलं,
पणजोबांच्या अक्षरात.

आमचे तिघे उठत:
खालच्या पट्टीत बाबा, वरच्या पट्टीत इदवलकाका,
आणि दोघांच्या मध्ये पोस्टमन मोस्टिन.
मध्ये म्हणजे खरोखरच मध्ये,
कारण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.
मोठ्या बर्फाच्या साली बांधावरची दगडी भिंत पडली,
ती कुणी उभारायची, एवढंच.
नऊ वर्षं.
इकडच्या लाल खुणेच्या मेंढ्या
तिकडच्या निळ्या खुणेच्या मेंढ्यांत खुशाल चरायच्या,
भगदाडातून काकू अंडी द्यायची, आई जॅम,
आणि हे दोघे वर्षातून एकदा, फक्त बावीस कडवी,
एकाच वहीत डोकं घालून.
नंतरचा चहा पाठीला पाठ लावून.

मी अकरा वर्षांची असताना मोस्टिनच्या घशाचं ऑपरेशन झालं.
डिसेंबरभर बाबा गोठ्यात मला मधला आवाज शिकवत राहिले,
नादकाटा गुडघ्यावर आपटून
माझ्या कानामागच्या हाडाला लावत.
अजून थंडीत ते हाड गुणगुणतं.
'हे गाणंच नाही,' मी म्हणायची, 'दोनच तर सूर आहेत.'
'धरून ठेव,' ते म्हणत. 'बाकीचं आमच्याकडे आहे.'

त्या पहाटे मी दोन कोपरांच्या मध्ये उभी राहिले.
एका बाहीला मेंढ्यांच्या औषधाचा वास,
दुसऱ्या बाहीलाही तोच.
चौदाव्या कडव्याला मी पहिल्यांदाच जागी होते,
आणि नेमके तिथेच, गव्हाणीपाशी, काका अडखळले.
वही समोर, चष्मा घरी.
माझा सूर लांबत चालला, श्वास संपत आला,
तेव्हा माझ्या डोक्यावरून बाबा पुटपुटले,
'पेंढा.'

'पेंढा,' काका गायले.

नऊ वर्षांतला हा पहिला शब्द.
दुसरा काही लवकर आला नाही. भिंतही पडलेलीच राहिली.
फक्त मार्चमध्ये, पिल्लं व्हायच्या दिवसांत,
काकांनी पेंढ्याने भरलेली अख्खी ट्रॉली आमच्या दारात ओतली,
न विचारता, इंजिन बंद न करता,
आणि निघून गेले.
बाबा बराच वेळ त्या ढिगाकडे बघत होते.

आता दोघेही एकाच उतारावर आहेत.
मोस्टिन मध्ये नाही, तो पलीकडे, रस्त्याच्या कडेला.
मी कार्डिफमध्ये, चौथ्या मजल्यावर,
आणि डिसेंबरात भांडी घासताना ओठांवर येतं
माझ्या वाट्याचं तेवढंच.
दोन सूर, क्वचित तिसरा.
वरचं नाही, खालचं नाही.
फ्रिजच्या घरघरीहून फारसं वेगळं नाही.

नेस्ट, माझी लेक, मोबाइलमधून मान वर न काढता विचारते,
'आई, हे गाणं आहे?'

मी उत्तर देत नाही.
चौदावं कडवं चालू असतं,
तिथे जरा थांबायचं असतं.